कोपऱ्यात बसून जिंकलेला डोह

एका जंगलात, मुलांनो, वीज नव्हती, रस्ता नव्हता आणि दवाखानाही नव्हता. रेंज मात्र झकास होती. त्यामुळे आपल्या जंगलात सगळं काही आहे, असंच तिथल्या जनावरांना वाटायचं.

हातातला मोबाईल जरा खाली ठेवा. नाही ठेवत? बरं, तसेच ऐका. वीज नसताना तिथले मोबाईल चार्ज कसे होत, हे मात्र विचारू नका. बोधकथेत असलं काही विचारायचं नसतं.

तर त्या जंगलात दांडगेराव नावाचे एक रानडुक्कर राहत असत. आपण त्यांना अहो-जाहोच करू, कारण अरे-तुरे केलेलं त्यांना खपत नसे. मान जाड, डोळे बारीक आणि वळणं हा प्रकार शरीराला ठाऊकच नाही. एकदा सरळ सुटले की झाड आडवं येईपर्यंत सुटलेलेच. मग धडकले की झाडाला शिव्या देत. घरी सगुणा नावाची बायको होती, पिलांचं लटांबर होतं, आणि त्या सगळ्यांना लोळायला डोहाकाठचा चिखल होता.

चिखलाला नाकं मुरडू नका. डुकराच्या पिलाला उन्हाळ्यात अंगभर चिखल मिळाला नाही तर त्याची पाठ भाजते आणि गोचिडी त्याला सुखानं निजू देत नाहीत. सगुणाला हे माहीत होतं. दांडगेरावांनाही लहानपणी माहीत होतं.

हा डोह दोन रानांच्या मधोमध होता. अलीकडे यांचं रान, पलीकडे पैलरान. उन्हाळ्यात बाकीचे ओढे आटले की पाणी उरे ते एवढंच. इतकी वर्षं दोन्हीकडची म्हातारी जनावरं डोहाकाठी बसत, तासन्‌तास वाद घालत आणि शेवटी ठरवत की सकाळी तुम्ही प्या, संध्याकाळी आम्ही पितो. त्यात शोभा काही नव्हती. पाणी मात्र सगळ्यांना मिळे.

दांडगेरावांना या प्रकाराची शिसारी होती. बसायचं, बोलायचं आणि अर्धंच घेऊन उठायचं, याला काय मर्दानगी म्हणतात? यंदा त्यांनी भर सभेत सुचवलं की डोहाचा निकाल 'धडाधड'वर लावायचा. जो जिंकेल त्याचा डोह अख्खा उन्हाळा. जो हरेल त्यानं काठाला पायसुद्धा लावायचा नाही. तरण्या जनावरांनी टाळ्या वाजवल्या, म्हाताऱ्यांना ऐकू आलं नाही, आणि ठराव झाला.

"आणि हरलो तर?" सगुणानं घरी विचारलं.

"हरू कसे? मी आहे ना!"

"म्हणून तर विचारतेय," सगुणा म्हणाली. पण ते दांडगेरावांनी ऐकलं नाही, कारण त्यांनी कानात हेडफोन घातले होते.

'धडाधड' हा मोबाईलवरचा बंदुकांचा खेळ होता. एक घर असतं, घरात एक पेटी असते. एक टोळी पेटी राखते, दुसरी ती पळवायला येते. वेळ संपेपर्यंत पेटी जागेवर राहिली की राखणारे जिंकले. मेला तो मेला, त्यानं बाजूला बसून उरलेला खेळ बघायचा. इतकं सोपं होतं. पण सोपी गोष्ट समजायला थोडं थांबावं लागतं, आणि थांबणं दांडगेरावांच्या घराण्यात नव्हतं.

नाणेफेक झाली. राखण यांच्या वाट्याला आली. म्हणजे अर्धी लढाई तिथंच जिंकली होती, पण टोळीच्या तोंडावर सुतक पसरलं.

"राखण?" दांडगेराव म्हणाले. "आपण काय वॉचमन आहोत?"

खेळाआधी प्रत्येकानं आपलं सामान निवडायचं असतं. पाठीवर पेलेल तेवढंच घेता येतं. याला लोडआउट म्हणतात, आणि जनावर ओळखायचं ते यावरून. दांडगेरावांनी घेतली सगळ्यात जड मशीनगन. ती उचलली की चाल बैलगाडीची होते आणि पाठीवर दुसरं काहीच मावत नाही. चिलखत नाही, मलमपट्टी नाही, पाण्याचा घोटही नाही. पण तिला सोन्याचा मुलामा होता आणि नळीवर वाघाचा जबडा कोरलेला होता. डुकराच्या बंदुकीवर वाघ कशाला, असं त्या रानात कुणी विचारलं नाही.

दुसरा गडी भालबा अस्वल. त्यानं घेतलं रॉकेट लाँचर. बंद खोलीत रॉकेट सोडलं की खोलीतले सगळे मरतात आणि सोडणाराही त्यातच असतो, हे भालबाला पुष्कळदा समजलं होतं. दर वेळी नव्यानं समजे. तिसरा तुरेराव रानकोंबडा. त्यानं घेतली स्नायपर आणि तिच्यावर बाजारातली सगळ्यात मोठी दुर्बीण. ही बंदूक घेऊन लांब टेकडीवर पडून राहायचं असतं. तुरेराव ती घेऊन जिन्यावरून धावत. दुर्बिणीतून त्यांना भिंतीच्या चुन्याचे पोपडे एवढाले दिसत की शत्रू दिसायला जागाच उरत नसे.

चौथा होता साळबा साळिंदर. त्यानं घेतली आखूड बंदूक, धुराचे डबे, मलमपट्टी आणि दारात आडवी बांधायची एक तार. साळबा कुणी थोर नव्हता, बरं का. तो चक्क भित्रा होता. शिवाय कटकट्या. खेळ चालू असताना 'दार लावा, दार लावा' करून सगळ्यांचं डोकं उठवायचा. त्याला टोळीत घेतलं होतं ते फक्त चौथा कुणी रिकामा नव्हता म्हणून.

"हे काय रे, साळबा?" दांडगेरावांनी विचारलं.

"तार. दारात बांधायची. पाय अडकला की स्फोट होतो."

"कपडे वाळत घाल तिच्यावर!"

सगळे खदाखदा हसले. साळबा तरी बोलत राहिला. "अहो कप्तान, राखण आहे आपली. वेळ संपेस्तोवर आत बसलं की झालं."

"बसलं की झालं?" दांडगेरावांचे केस उभे राहिले. "अंडी उबवतोय का आपण?"

यावर एका रानकोंबड्यानं हसावं हे जरा चमत्कारिकच. पण सगळ्यात मोठ्यानं हसले ते तुरेरावच.

"आपल्याला एकच डाव येतो," दांडगेराव म्हणाले. "घुसायचं!"

"पण घर आपलंच आहे. आपण आतच आहोत. घुसणार कुठं?"

दांडगेरावांनी क्षणभर विचार केला. त्यांच्या मानानं तो पुष्कळ होता. "मग बाहेर घुसू!" ते गरजले, आणि भालबानं आदरानं मान डोलावली.

आता त्या रानाची एक रीत सांगायला हवी. खेळ सुरू झाला की सगळ्यांनी कप्तानाला सलामी द्यायची, म्हणजे आभाळाकडे बंदुका करून गोळ्या झाडायच्या. वरातीत झाडतात तशा. खेळाच्या नियमात हे कुठं नव्हतं. दांडगेरावांच्या एका वाढदिवसाला कुणीतरी खुशामत म्हणून केलं, पुढच्या वर्षी ती प्रथा झाली आणि त्याच्या पुढच्या वर्षी पूर्वजांची परंपरा. सलामी चुकवणाऱ्याशी रानात कुणी बोलत नसे.

सामन्याला सगळं रान उंबराखाली जमलं. उंबरावर बसला होता हुप्प्या वानर. तो समालोचन करी. त्याचं स्वतःचं चॅनेल होतं. कोण जिंकलं कोण हरलं याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं, त्याला लागायची क्लिप. पैलरानाची टोळी समोर बसली होती. त्यांची कप्तान होती घोरपडबाई. ती बोलत नव्हती, हलतही नव्हती. ती झोपलीय असं समजून दांडगेराव तिला हसले.

खेळ सुरू झाला. धाड धाड धाड! सलामी झडली. छताला भोकं पडली. ही टोळी कुठल्या खोलीत आहे हे पैलरानाला कळलं आणि बंदुकाही रिकाम्या झाल्या. दांडगेरावांची मशीनगन पुन्हा भरेपर्यंत अख्ख्या रानाची जांभई देऊन व्हायची. पण दांडगेरावांना दम कुठला? "घुसा!" म्हणत रिकामी बंदूक घेऊन ते पुढच्या दारातून बाहेर सुटले. मागून भालबानं त्यांच्या मदतीला रॉकेट सोडलं. ते चौकटीला लागलं. भालबा गेला, आणि शेजारून धावणारे तुरेरावही गेले. दांडगेराव अंगणात पोचले, तिथं तुळशीवृंदावनाआड पैलरानाचं तरस वाट बघत होतं. त्यानं एकच गोळी झाडली.

दांडगेराव मेले. हुप्प्या ओरडला, "काय ही चढाई! काय हे मरण!" रानानं टाळ्या वाजवल्या. दांडगेरावांना मरून बरंच वाटलं.

पण खेळ संपला नव्हता. आत साळबा उरला होता. मेलेल्याला उरलेल्या साथीदाराच्या डोळ्यांनी खेळ बघावा लागतो. त्यामुळे दांडगेरावांना आता दिसत होतं ते एक कपाट, कपाटाआडचा कोपरा आणि लांबवर पेटी. बस्स. साळबानं दाराला तार बांधली होती आणि तो कोपऱ्यात बसला होता.

वेळ जात होता. काही घडत नव्हतं.

"अरे ऊठ!" दांडगेराव मोबाईलवर थुंकी उडवत ओरडले. "समोर जा! मर्दासारखा मर!"

"मेलो तर पेटी कोण राखणार?" साळबा पुटपुटला. त्याचे काटे भीतीनं खडखडत होते.

तरस आत शिरायला गेलं, तारेत पाय अडकला आणि उडालं. उरलेले दारातच थबकले. साळबानं धुराचा डबा फेकला. खोली पांढरी झाली. धुरात साळबा खोकला, रडला, आणि जागचा हलला नाही. दांडगेरावांचे कान तापले होते. ते तिकडे अंगणात उताणे पडलेले आणि हा काटेरी भेकड कोपऱ्यात बसून जिंकणार! एका क्षणी, मुलांनो, त्यांना मनापासून वाटलं की साळबा मरावा. डोह गेला तरी चालेल, पण हा मरावा.

साळबा मेला नाही. वेळ संपला. पेटी जागेवर होती.

उंबराखाली एकही टाळी वाजली नाही. मागे उभी असलेली एक भेकरीण हळूच म्हणाली, "म्हणजे पाणी आपलं झालं ना?" शेजारच्यांनी तिला गप्प केलं.

"छे!" हुप्प्या वरून म्हणाला. "ही काय बाजी झाली? दाखवू काय मी? कपाट?" आणि मग कुणीतरी ओरडलं, "कॅम्पर! कॅम्पर!" कोपऱ्यात दडून बसणाऱ्याला या खेळात अशी शिवी देतात. बघता बघता सगळं रान ओरडू लागलं. ज्यांना उन्हाळाभर पाणी मिळालं होतं, तेच मिळवून देणाऱ्याला उंबरं फेकून मारत होते. साळबा काटे फुगवून मधे उभा राहिला. उंबरं काट्यांना टोचली आणि तो फळं लागलेल्या झुडपासारखा दिसू लागला. त्यालाही सगळे हसले.

घोरपडबाई उठली. "हरलो आम्ही," ती म्हणाली. "डोह तुमचा. उद्यापासून आमची पोरं काठाला येणार नाहीत."

आता इथं गोष्ट संपायला हवी होती. शहाण्या जनावरांची असती तर संपली असती.

"थांबा!" दांडगेराव म्हणाले. "हे आम्हाला मान्य नाही. असलं जिंकणं आमच्या रक्तात नाही. सामना पुन्हा खेळायचा."

"अहो कप्तान, जिंकलोय आपण!" साळबा कळवळला.

"तू जिंकलायस. आम्ही नाही."

सगुणा गर्दीतून वाट काढत पुढे आली. पिलं तिच्या पायाशी घुटमळत होती. "अहो," ती म्हणाली, "मिळालंय ते घ्या आणि घरी चला. पिलांच्या पाठी बघा जरा. ऊन अजून तापायचंय."

दांडगेरावांनी पिलांकडे पाहिलं. सगळ्यात धाकट्याच्या पाठीवर कातडी सोलवटली होती. त्यांना ती दिसली. आत काहीतरी हललंही. ते 'चला' म्हणणारच होते, एवढ्यात हुप्प्यानं फांदीवरून खाली मोबाईल धरला. "सगळं रान बघतंय, कप्तान! काय म्हणता?"

"अगं, तुला खेळातलं काय कळतंय?" दांडगेराव सगुणाला म्हणाले, आणि मोबाईलकडे तोंड करून त्यांनी छाती फुगवली.

घोरपडबाईनं डोळे मिटून उघडले. "जिंकलेला डोह परत पणाला लावताय?"

"हो!"

"पुन्हा विचारते. नंतर म्हणाल म्हातारीनं फसवलं."

"दांडगेराव एकदाच बोलतात!"

"बरं बाई," म्हणून घोरपडबाई लगेच खाली बसली, त्यांनी विचार बदलायच्या आत.

साळबाला टोळीतून काढलं. त्याच्या जागी हुप्प्याला घेतलं. एका दगडात खेळ आणि समालोचन दोन्ही होईल, असं दांडगेरावांनी जाहीर केलं. पैलरानानं हरकत घेतली नाही. का घेईल?

धाड धाड धाड! सलामी झडली. आणि हुप्प्यानं तोंड सोडलं. "मंडळी, आपले कप्तान आता माडीवर! भालबा कोठीत, दाराच्या डावीकडे! तुरेराव जिन्यात, बंदूक भरतायत!" पैलरानाची जनावरं कान टवकारून ऐकत होती आणि तो सांगेल तिथं जाऊन गोळी घालत होती. भालबा गेला. तुरेराव गेले. "आणि मी मोरीत लपलोय!" हुप्प्या म्हणाला, आणि तोही गेला.

दांडगेरावांनी माडीची खिडकी पाहिली. खाली अंगणात घोरपडबाईची जनावरं उभी होती. यावेळी मशीनगन भरलेली होती, कारण जिना चढायलाच त्यांना तेवढा वेळ लागला होता. त्यांनी खिडकीतून उडी घेतली. हवेत, उलटे, सोन्याची बंदूक धडाडत. तरस पडलं. काय तो क्षण होता! मग दांडगेराव बरोबर बाकीच्यांच्या मधोमध उतरले आणि त्यांची चाळण झाली.

घोरपडबाई उघड्या दारानं आत गेली, पेटी उचलली आणि चालत बाहेर आली. तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं. सगळं रान ती उडी पुन्हा पुन्हा बघत होतं. दांडगेरावांना खांद्यावर घेऊन मिरवलं. हार घातले. 'हरलो' हा शब्द कुणी उच्चारला नाही. भेकरिणीनं पुन्हा काही विचारायला तोंड उघडलं, पण ढोल फार जोरात वाजत होते.

उन्हाळा यायचा तेव्हा आला. पैलरानानं काठावर पहारा बसवला. अलीकडचा चिखल वाळला, मग तडकला. साळबा कधीच कुठल्या तरी बिळात निघून गेला होता. दांडगेरावांचे सत्कार चालू होते. सत्काराला पाणी नसे, पण भाषणं असत. घरी पिलं अंग खाजवून रक्त काढत होती. धाकटं पिलू उठेनासं झालं तेव्हा सगुणानं त्याला तोंडात धरलं, बाकीच्यांना मागे घेतलं आणि ती सरळ पैलरानाच्या पहाऱ्यापुढं जाऊन उभी राहिली.

घोरपडबाईनं तिला नखशिखांत पाहिलं. "त्यांची बायको ना तू? खेळता येतं?"

सगुणानं पिलू खाली ठेवलं. "नाही," ती म्हणाली. "गप बसता येतं."

"मग ये," घोरपडबाई म्हणाली, आणि बाजूला सरकली.

दुसऱ्या दिवशी दांडगेराव पहाऱ्याच्या अलीकडच्या खडकावर उभे होते. हुप्प्यानं खास कार्यक्रम ठेवला होता. ती उडी आता खरोखर मारून दाखवायची. खडकाखाली जिथं पूर्वी चिखल होता तिथं भेगाळलेली जमीन होती. पलीकडे, पहाऱ्याच्या मागे, त्यांची पिलं चिखलात बुडून पडली होती. धाकटंही होतं. सगुणा त्याच्या पाठीवर नाकानं चिखल थापत होती. तिनं वर पाहिलं नाही. दांडगेरावांना एकदम रडू आलं. पळत जावं आणि त्या चिखलात तोंड खुपसावं, असं त्यांना वाटलं.

"घसा सुकलाय रे," ते हुप्प्याला म्हणाले. "आधी थोडं पाणी..."

"आधी उडी," हुप्प्या म्हणाला. "सगळे थांबलेत."

रान टाळ्या वाजवत होतं. दांडगेरावांनी डोळे पुसले, छाती फुगवली आणि उडी मारली.

जमीन चांगलीच कडक होती. दोन्ही सुळे तुटले, पुढचा पाय मोडला. गर्दी जवळ आली, पण उचलायला कुणी वाकलं नाही, कारण सगळ्यांचे हात मोबाईल धरण्यात गुंतले होते. धुळीत पडल्या पडल्या दांडगेरावांनी मान कशीबशी वर केली.

"नीट आली का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, कप्तान," हुप्प्या म्हणाला. "जरा हलली. पुन्हा मारता का?"

तात्पर्य: जिंकण्यात काही विशेष नाही, ते कुणालाही कोपऱ्यात बसून जमतं. हरावं मात्र असं, की बघणाऱ्यांना आपली तहान आठवू नये. म्हणून मुलांनो, टोळी निवडताना भित्र्याला कधीही घेऊ नका. तो जिंकून देतो, आणि मग त्या विजयाचं करायचं काय, हे कुणालाच कळत नाही.